जुन्या गाडीच्या वायरिंगला हात लावण्यापूर्वी

‘बारा व्होल्टने काय होतंय?’ हे वाक्य मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये हमखास कानावर पडते. कोरड्या हातांनी बॅटरीची दोन्ही टर्मिनल धरली तरी झटका बसत नाही, हे खरेच आहे. आणि नेमक्या त्यामुळेच फियाट, अँबॅसेडर किंवा मॉरिस मायनरच्या बॉनेटखाली हात घालणारा माणूस निर्धास्त होतो. बारा व्होल्टचा खरा धोका उष्णतेचा आहे. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहमचा असल्यामुळे शरीरातून फार तर काही मिलिॲम्पिअर प्रवाह जातो, पण त्याच दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर प्रवाहाला अडवणारे जवळपास काहीच उरत नाही. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे पान्यातून शेकडो ॲम्पिअर वाहू शकतात. खिडकीची ग्रिल जोडणारा वेल्डर लोखंड वितळवतो ते शे-दीडशे ॲम्पिअरवर.

माझ्याकडे दहा नंबरचा एक पाना आहे, ज्याच्या कडेला वाटाण्याएवढा खळगा पडला आहे. काही वर्षांपूर्वी दादरला आमच्या सोसायटीच्या आवारात पद्मिनीची बॅटरी काढताना मी पॉझिटिव्ह टर्मिनल आधी सैल करायला घेतले, पाना बॉडीला टेकला आणि डोळ्यांसमोर पांढरा लोळ उठला. पाना चिकटून बसला नाही म्हणून दोन बोटांवरच्या फोडांवर निभावले. ते घडायलाच नको होते, आणि ते टाळण्याची रीत अगदी साधी आहे. घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यानंतर त्यांची वायरिंग तोंडपाठ असलेले वायरमनही दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून ही रीत सविस्तर लिहून ठेवावीशी वाटली.

आजच्या गाडीत जवळपास प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज असतो. जुन्या गाडीत तसे नाही. फियाटमध्ये चिनी मातीच्या लहान फ्यूजची पेटी असते, तर ल्यूकस कंपनीची वायरिंग असलेल्या ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत काचेचे दोनच फ्यूज सापडतात. बॅटरीपासून सेल्फला, चार्जिंगला आणि इग्निशनला जाणाऱ्या वायरींच्या वाटेत बहुधा एकही फ्यूज नसतो, आणि ब्रिटिश गाड्यांत अनेकदा हेडलाइटही त्याच रांगेत बसतात. ज्या गाडीत ॲमीटर (प्रवाह दाखवणारा काटा) आहे, तिथे ही विनाफ्यूज मुख्य वायर डॅशबोर्डमागे येऊन परत इंजिनाकडे जाते. म्हणजे स्पीडोमीटरची केबल काढायला डॅशबोर्डमागे घातलेला स्क्रूड्रायव्हर थेट बॅटरीशीच खेळत असतो. ही वायर बॉडीला टेकली तर तुटण्यासारखा दुवा वायर स्वतःच असते. काही सेकंदांत तिचे आवरण वितळते, शेजारच्या वायरींना सोबत घेते आणि गालिच्यापर्यंत किंवा पेट्रोलच्या नळीपर्यंत पोहोचते.

आधी गाडी ओळखावी

पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरी किती व्होल्टची आहे, तिचे कोणते टर्मिनल बॉडीला जोडले आहे आणि ती नेमकी कुठे बसवली आहे. फियाटच्या गाड्यांत निगेटिव्ह बॉडीला असते. पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेल्या, होत्या, आणि मधल्या काळात कोणी त्यांत फेरफार केला असल्यास कागदपत्रांवरून काही कळत नाही. म्हणून आठवणीवर विसंबू नये. जाड केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी बॉडीपर्यंत डोळ्यांनी माग काढत जावी, बॅटरीवरची अधिक-उणे खूण पाहावी आणि मल्टिमीटरने खात्री करावी. मग खडूने किंवा रंगाने बॅटरीजवळ ‘अर्थ निगेटिव्ह’ किंवा ‘अर्थ पॉझिटिव्ह’ असे ठळक लिहून ठेवावे. पुढच्या माणसाला, अगदी रस्त्यात मदतीला आलेल्यालाही, ते उपयोगी पडते.

जुन्या बीटलसारख्या काही गाड्या सहा व्होल्टच्या असतात. व्होल्टेज निम्मे म्हणजे धोका निम्मा, असा समज होतो. प्रत्यक्षात तेवढ्याच उजेडासाठी दुप्पट प्रवाह लागतो. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार ॲम्पिअर घेतो, तर ६ व्होल्टवर साडेसात. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि सीटच्या स्प्रिंगा पोलादी असतात, हे लक्षात ठेवून त्या बॅटरीवर इन्सुलेटिंग झाकण असल्याशिवाय तिथे कोणाला बसू देऊ नये.

बॅटरी सोडवण्याचा क्रम

बॉडीला जोडलेले टर्मिनल नेहमी आधी काढावे आणि शेवटी जोडावे. कारण समजून घेतले की क्रम विसरत नाही. अर्थच्या टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तरी दोन्ही एकाच विद्युत पातळीवर असल्याने काहीच घडत नाही. एकदा ते टर्मिनल सुटले की दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तरी प्रवाहाला परतीची वाट नसते. माझ्याकडून झाले ते नेमके याच्या उलट. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत म्हणून निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पॉझिटिव्ह आधी; ‘काळी आधी’ असे पाठ करू नये, कारण जुन्या गाडीत केबलच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

सुटलेली केबल आपल्या वजनाने परत टर्मिनलवर येऊन टेकते. तिच्या टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून ती बाजूला बांधून ठेवावी. वारंवार काम निघत असेल तर अर्थच्या केबलवर चांगल्या प्रतीचा बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. जुन्या गाडीवर करण्याजोग्या खर्चांत याला मी सर्वांत वरचे स्थान देईन. स्विच सेल्फचा प्रवाह पेलणारा असावा. गाडी उभी करून घरी जाताना तो बंद केला, तर रात्री कोणी पाहत नसताना शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता जवळपास संपते.

इंजिन चालू असताना टर्मिनल उचलून ‘डायनॅमो चार्ज करतो का’ हे पाहण्याची एक जुनी सवय आहे. ती सोडून द्यावी. बॅटरीचा आधार गेल्यावर व्होल्टेज एकदम चढते, अल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड जळू शकतात, आणि टर्मिनलवरची ठिणगी बॅटरीच्या वायूत पडते. चार्जिंग तपासायला मल्टिमीटर पुरेसा आहे. फक्त त्याची लाल वायर ॲम्पिअरच्या खाचेत राहिलेली असताना टोके बॅटरीला लावू नयेत; त्या खाचेत मीटर स्वतःच जवळपास शॉर्ट असतो.

अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र काम सुरू करण्याआधी उतरवून ठेवावे. सोने आणि चांदी उत्तम वाहक आहेत, आणि टर्मिनल व बॉडी यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात इतकी तापते की बोट वाचवणे कठीण होते. बोटातून निघत नसेल तर तिच्यावर घट्ट टेप गुंडाळावी, पण बॅटरीजवळचे काम दुसऱ्याला सांगावे हेच बरे.

चार्जिंग, ॲसिड आणि सोसायटीचे पार्किंग

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि बॅटरी फुटली की सल्फ्युरिक ॲसिड व प्लास्टिकचे तुकडे चेहऱ्याच्या उंचीला उडतात. म्हणून शक्य असेल तर बॅटरी गाडीतून काढून मोकळ्या हवेत चार्ज करावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांच्या साधारण एक दशांश ठेवावा. ४० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला चार ॲम्पिअर पुरेत. चार्जरच्या चिमट्या आधी लावून मग वीज सुरू करावी, आणि काढताना वीज आधी बंद करावी, म्हणजे ठिणगी बॅटरीपाशी पडत नाही. डोळ्यांत ॲसिड गेले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवून लगेच डॉक्टर गाठावा. सोडा डोळ्यांत घालू नये. टर्मिनलवर साचलेला पांढरा-निळसर थर काढण्यासाठी मात्र खाण्याच्या सोड्याचे पाणी उत्तम, फक्त ते बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

मुंबईत अडचण येते ती जागेची. स्वतःचे बंद गॅरेज फार थोड्यांकडे असते. बहुतेकांची गाडी सोसायटीच्या आवारात किंवा स्टिल्टखाली उभी असते, आणि वीज येते ती मीटर रूममधून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डातून. या कामात माणसाचा जीव घेऊ शकणारी वीज हीच आहे. २३० व्होल्टचा एसी प्रवाह, फरशी ओली, अंगाला घाम, हात बॉडीच्या पत्र्यावर, पायांत चप्पल: या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या की फाटक्या आवरणाची एक वायर पुरते. माझा आग्रह असा की, ज्या सॉकेटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नाही, त्यावर पार्किंगमध्ये काहीही चालवू नये. चार्जर आणि ड्रिल यांना तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालू नये. बोर्ड जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावा. गाडीखाली उजेडासाठी २३० व्होल्टचा बल्ब मुळीच नेऊ नये. चार्जिंगची एलईडी टॉर्च आज सहज मिळते, आणि ती पेट्रोलमध्ये पडली तरी काचेच्या तापलेल्या बल्बसारखी फुटत नाही.

पेट्रोलबद्दलही इथेच सांगतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि स्टिल्टच्या कोपऱ्यात किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. ज्या दिवशी कार्बोरेटर उघडायचा, पंप काढायचा किंवा टाकीतला गेज बदलायचा, त्या दिवशी विजेचे काम काढू नये, आणि पेट्रोलचे हे काम बॅटरी सोडवल्यावरच करावे.

पावसाळ्यात सखल भागात उभ्या गाडीत पाणी शिरले, तर प्रथम पाण्याकडे पाहावे. पाण्यात बोर्ड बुडालेला असू शकतो. मीटर रूममधला मुख्य स्विच बंद झाल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. बॅटरी सोडवावी, फ्यूजची पेटी, सेल्फ, डायनॅमो आणि डॅशबोर्डमागची जोडणी गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. मुंबईच्या पुराच्या पाण्यात गटार आणि समुद्र दोन्ही मिसळलेले असतात, आणि मीठ राहिलेली जोडणी वाळली असे वाटले तरी दमट हवेत पुन्हा ओलसर होते.

कॉइलचा झटका

बारा व्होल्टच्या गाडीत खरा झटका देणारी जागा एकच, ती म्हणजे इग्निशन कॉइल. तिच्या जाड वायरीतून स्पार्क प्लगकडे पंधरा ते पंचवीस हजार व्होल्ट जातात, आणि पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या) बाजूलासुद्धा पॉइंट उघडताना दोन-तीनशे व्होल्टचा धक्का असतो. निरोगी माणसाला हा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण हात आपोआप मागे फेकला जातो आणि तो फिरत्या पंख्यावर किंवा तापलेल्या मॅनिफोल्डवर आदळतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू इंजिनाच्या बॉनेटपाशी उभे राहू नये. स्पार्क पाहायचा असेल तर प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून, लांब दांड्याच्या इन्सुलेटेड पकडीने वायर धरून पाहावा, आणि कार्बोरेटरपासून दूर. शिवाय इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून तासन्‌तास दुसरे काम करत बसू नये. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल सतत तापते, त्यातले तेल गळते आणि क्वचित ती फुटतेही.

वायर बदलताना

जुन्या गाडीतल्या आगींच्या मुळाशी अनेकदा मागच्या मालकाची दुरुस्ती असते. नियम एकच: फ्यूज वायरीचे रक्षण करतो, दिव्याचे नव्हे. म्हणून फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून तो ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे त्या वायरीलाच फ्यूज बनवणे होय.

हेडलाइटचे गणित करून पाहू. ६०/५५ वॅटच्या दोन दिव्यांना हाय बीमवर १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर लागतात. रस्त्यावर उजेड वाढवण्यासाठी लोक १००/९० वॅटचे बल्ब लावतात. मग तेच साडेसोळा ॲम्पिअरच्या पुढे जातात, आणि तो सारा प्रवाह ४०-५० वर्षांपूर्वीच्या स्विचमधून, हिरव्या पडलेल्या टर्मिनलांमधून जातो. स्विच हाताला गरम लागू लागतो, मग वास येतो. यावर उपाय म्हणजे रिले: बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ तिचा स्वतःचा फ्यूज, आणि जुन्या स्विचकडे फक्त रिलेला चालवण्याइतका अल्प प्रवाह. यामुळे साध्या बल्बांचाही उजेड वाढतो, कारण वाटेत व्होल्टेज गळत नाही.

वायर ऑटोमोबाइलचीच घ्यावी. घरातल्या फिटिंगची वायर तेलाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होते. वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळलेला सांधा मुंबईच्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा डिंक वितळतो आणि सांधा उघडा पडतो. नीट दाबलेली थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, हे योग्य. थिंबल दाबण्याचे चांगले हत्यार लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि ते पकडीने चेपण्यापेक्षा कितीतरी भरवशाचे असते. सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे. तिथला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेले रबरी कडे, वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने चुरा होतो, आणि धावत्या गाडीच्या थरथरीत पत्र्याची कड वायरीचे आवरण करवतीसारखी कापते. ग्रोमेटला पाच-दहा रुपये पडतात. तो न बदलता नवी वायर ओढू नये.

एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून सेल्फच्या प्रवाहाला परत यायला ही पट्टीच हवी. ती तुटली किंवा गंजली, तर सेल्फ मारताना तो प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल लाल होते. सेल्फ मारताना चोकच्या दांड्यापाशी धूर दिसला, तर चोक नव्हे, ही पट्टी तपासावी. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती दर पावसाळ्यानंतर काढून, घासून, व्हॅसलीन लावून बसवणे योग्य.

आग लागली तर

एबीसी ड्राय पावडरचे अग्निशामक, निदान एक किलोचे, कामाच्या जागेपासून हाताच्या अंतरावर असावे. गाडीच्या डिकीत, सामानाखाली नसावे. धूर दिसताच कट-ऑफ स्विच बंद करावा. बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत हवा शिरताच ज्वाला उसळते. फट ठेवून पावडर आत मारावी. ज्वाला पेट्रोलपर्यंत पोहोचल्या असतील तर गाडी सोडून दूर जावे, शेजारच्या गाड्यांच्या मालकांना हाक द्यावी आणि १०१ वर फोन करावा.

बॅटरी पुन्हा जोडताना

काम झाल्यावर केबल सरळ टर्मिनलवर चढवू नये. सारे स्विच बंद ठेवून आणि दरवाजे लावून, अर्थची केबल आणि बॅटरीचे अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन चिमट्यांनी जोडावा. आता गाडीत कुठेही शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन ॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे काहीच जळत नाही. बल्ब विझलेला राहिला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटला तर कुठेतरी जिवंत वायर बॉडीला टेकली आहे, किंवा कटआउटचे (डायनॅमो थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून बॅटरी डायनॅमोत रिकामी होत आहे. एकेक फ्यूज आणि एकेक जोडणी काढत जावे, बल्ब विझेल ती जागा दोषाची. मग एकेक स्विच चालू करून पाहावे. चावी फिरवल्यावर बल्ब पेटला तर घाबरू नये, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तेवढा प्रवाह घेतेच. हेडलाइट लावल्यावर बल्ब चांगला पेटून हेडलाइट मात्र विझलेले दिसतील, तेही अपेक्षितच आहे. सेल्फ मात्र बल्बमधून मारू नये.

सारे ठीक दिसल्यावर बल्ब काढून केबल घट्ट बसवावी आणि बॅटरी पट्टीने आवळावी, कारण खड्ड्यात उडालेली बॅटरी बॉनेटच्या पत्र्याला टेकते. इंजिन पंधरा मिनिटे चालवून, दिवे लावून, मग बंद करावे आणि नव्या वायरींवरून, थिंबलांवरून, फ्यूजच्या पेटीवरून हात फिरवावा. जी जागा कोमट लागेल तिथला सांधा पुन्हा उघडावा. कट-ऑफ स्विच बंद करून गाडी तशीच रात्रभर ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून एकदा वास घेऊन पाहावा.